टोपीखालचा चेहरा

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार आजोबांचा फोटो मी १९९६ च्या एप्रिलमध्ये काढला. बागेत खरड छाटणी चालू होती. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन डोक्यावर चढत होतं. आजोबांच्या डोक्यावर परीटघडीची पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, मागे छाटून बोडके झालेले वेल. लाइटमीटरने दाखवलेला आकडा मी निमूटपणे कॅमेऱ्यावर लावला आणि फिल्मसोबतच्या कागदावर जेवढी मिनिटं छापली होती तेवढी मिनिटं रोल धुतला. प्रिंटमध्ये टोपीची एकेक घडी दिसत होती, सदऱ्याची शिवण दिसत होती. टोपीखाली चेहऱ्याच्या जागी काळोख होता आणि डोळे तर नव्हतेच.

तरी प्रिंट द्यायला गेले, कारण शब्द दिला होता. आजोबांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "टोपी लई भारी आली, पोरी." चेहऱ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेलं नाही.

हे पुस्तक त्या प्रिंटपासून सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल. कृष्णधवल पोर्ट्रेटसाठी फिल्म कोणती घ्यावी आणि ती कोणत्या डेव्हलपरमध्ये धुवावी, एवढाच त्याचा विषय. नाशिकमध्ये अलीकडे पुन्हा फिल्मकडे वळलेली बरीच तरुण मुलं भेटतात. आपल्या आजोबांचा कपाटातला यॅशिका कॅमेरा दुरुस्त करून आणतात आणि पहिल्याच भेटीत विचारतात, "सगळ्यात चांगली फिल्म कोणती?" मी उलट विचारते, "फोटो कोणाचा काढायचाय? कुठे बसवणार आहात? डोक्यावर काय असणार आहे?" मुलांना वाटतं मी उत्तर टाळते आहे. पण हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय फिल्मचं नाव सांगणं मला जमत नाही, आणि ते का जमत नाही हे नीट मांडायला एक अख्खं पुस्तक लागलं.

आधी फिल्मच्या डोळ्याबद्दल सांगते. चांदीच्या क्षारांना मुळात फक्त निळा-जांभळा उजेड आणि त्यापलीकडचा अतिनील भाग जाणवतो. १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगल यांना आढळलं की या क्षारांत ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर त्यांना हिरवाही दिसू लागतो. त्यातून पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आणि फिल्म आल्या. त्यांना निळा दिसे, हिरवा दिसे, लाल मात्र दिसत नसे. लालही दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सिनेमात रुळायला १९२० नंतरचा काळ उजाडला. या तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टीचा आपल्या घरच्या अल्बमशी थेट संबंध आहे. पणजीच्या जुन्या फोटोत तिचं रुपयाएवढं कुंकू ठार काळं दिसतं, ओठ काळे दिसतात आणि पणजी प्रत्यक्षात होती त्याहून सावळी दिसते. आपण समजतो की फोटो कृष्णधवल आहे म्हणून तसं झालं. खरं कारण वेगळं आहे. त्या प्लेटेला लाल दिसतच नव्हतं, म्हणून तिने कुंकवाच्या जागी अंधार नोंदवला. सावळ्या कातडीवरून परतणाऱ्या उजेडात तांबूस-नारिंगी भाग जास्त आणि निळा फार कमी असतो. म्हणजे आपल्या चेहऱ्यावरचा निम्म्याहून अधिक उजेड त्या प्लेटेच्या दृष्टीने नव्हताच.

नाशिककरांना हा इतिहास परका वाटू नये. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि सिनेमाकडे वळण्याआधी काही काळ गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत पडद्यावर आला आणि त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पुढची कितीतरी चित्रं इथेच तयार झाली. त्या कामात सरस्वतीबाई फाळके काय काय करत होत्या हे वाचलं की मी थक्क होते. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं, चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर ऊन परतवणं, आणि हे सगळं मंडळींचा स्वयंपाक सांभाळून. त्या काळच्या फिल्मला लाल दिसत नसल्यामुळे लाल दिव्याच्या उजेडात चित्र उमटताना डोळ्यांनी पाहता येई आणि धुणारा माणूस नजरेवर थांबत असे. आज पॅनक्रोमॅटिक फिल्म पूर्ण अंधारात टाकीत भरावी लागते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आपण घड्याळावर विसंबतो. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे गेले की मला कॅमेऱ्यापेक्षा रसायनांत बुडालेल्या त्या हातांचा विचार जास्त येतो. अंधारखोलीच्या कामात या गावाची वडीलधारी बाई सरस्वतीबाई आहे असं मी मानते.

मी ज्यांच्याकडे शिकले त्या काकांचा स्टुडिओ रविवार कारंजाजवळ होता. उमेदवारीत त्यांनी आधीच्या पिढीकडून रीटचिंग शिकून घेतलं होतं. निगेटिव्ह काचेच्या चौकटीवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा आणि टोकदार शिसपेन्सिलीने गालावर, कपाळावर, डोळ्यांखाली बारीक बारीक टिंबं भरत जायची. निगेटिव्हवर शिसं बसलं की प्रिंटमध्ये तो भाग उजळतो. लग्नाळू मुलीचा फोटो असेल तर एका चेहऱ्यावर तासभर जाई. लोकांना वाटे, स्टुडिओवाला मुलीला गोरी करतो. गोरेपणाचा सोस होता हे खरंच, पण काका म्हणत, "अर्धं काम फिल्मने खाल्लेला उजेड परत द्यायचं असतं." ते वाक्य मला फार उशिरा कळलं. त्यांच्या कपाटात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदाची रिकामी पाकिटं आणि पूर्व जर्मनीच्या ऑर्वो रोलचे डबे जपून ठेवलेले होते. तो उटीचा कारखाना आता बंद आहे.

पॅनक्रोमॅटिक फिल्म आली म्हणून प्रश्न संपला नाही, त्याचं रूप बदललं. त्याची एक गोष्ट इथे सविस्तर सांगते, कारण पुस्तकाचा मधला मोठा भाग तिच्यावर उभा आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात एका आजींचा फोटो काढायचा होता. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, आणि गोंदणाच्या मधोमध ठसठशीत लाल कुंकू. माझ्या डोळ्यांत भरलं ते गोंदण. वयाबरोबर ते निळसर-हिरवट झालं होतं आणि सावळ्या कातडीत विरत चाललं होतं. ते उठून दिसावं म्हणून मी भिंगावर नारिंगी फिल्टर लावला. त्यामागचा हिशोब सरळ होता. नारिंगी काच निळा-हिरवा उजेड अडवते आणि तांबूस सोडते, म्हणजे कातडी उजळणार आणि गोंदण गडद होणार. फिल्टर खातो तेवढे दोन स्टॉप एक्स्पोजर वाढवलं, एचपी५ फिल्म वापरली, रोल धुतला. गोंदणाची एकूण एक रेघ कागदावर कोरल्यासारखी आली. मी खुशीत प्रिंट घेऊन गेले. आजींनी ती जवळ धरली, लांब धरली आणि मग मला विचारलं, "माझं कुंकू कुठं गेलं? म्हातारा अजून हाय की माझा."

ज्या काचेने कातडी उजळली तिनेच लाल कुंकूही उजळून कातडीत मिसळून टाकलं होतं. नवरा ओसरीवर बसलेला असताना मी त्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसून तिच्या हातात फोटो दिला होता. गोंदण माझ्यासाठी महत्त्वाचं होतं, कुंकू तिच्यासाठी. फोटो तिचा होता.

पुढच्या खेपेला फिल्टर न लावता आजींना मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत बसवलं. सावलीतल्या उजेडात निळा भाग जास्त आणि तांबडा कमी असतो, त्यामुळे पॅनक्रोमॅटिक फिल्मवरही कुंकू बरंच गडद उतरतं. पिवळट-हिरवा फिल्टर लावला तर आणखी गडद. गोंदण थोडं मावळलं, तरी वाचता येत होतं. हातांचा फोटो मात्र वेगळा काढला आणि तिथे नारिंगी फिल्टर पुन्हा लावला. आजींनी दोन्ही प्रिंट ठेवून घेतल्या. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे एकोणिसाव्या शतकातले ओल्या प्लेटेवरचे फोटो मी नंतर पाहिले. निळ्याखेरीज फारसं काही न दिसणाऱ्या त्या प्लेटांवर माओरी चेहऱ्यांचं गोंदण फिकट पडतं, कित्येकदा पार नाहीसं होतं. एखाद्या समाजाने चेहऱ्यावर लिहिलेलं रसायनाने परस्पर खोडून टाकावं, याची मला भीती वाटते. फिल्म निवडण्याआधी चेहऱ्यावर काय काय लिहिलंय ते वाचा, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते ते यासाठी.

म्हणून या पुस्तकात फिल्मची वर्गवारी वेगवान आणि संथ अशी न करता ती चेहऱ्यांच्या अंगाने केली आहे. उन्हातान्हात रापलेल्या, सुरकुत्यांनी भरलेल्या पुरुषी चेहऱ्याला ऑर्थो फिल्म अजूनही शोभते. इल्फर्डची ऑर्थो प्लस आता रोलमध्ये मिळते, दिवसाच्या उजेडात तिचा वेग ८० आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात निम्मा, म्हणजे ४०. तिच्यावर सुरकुती खोल होते, तीळ आणि उन्हाचे डाग उठून येतात. तरुण मुलीचा किंवा बाळंतिणीचा फोटो मी तिच्यावर काढणार नाही. वाड्याच्या ओसरीतल्या मऊ उजेडासाठी, कॅमेरा तिपाईवर असेल तर एफपी४ प्लस. हातात कॅमेरा धरून, बोलत बोलत फोटो काढायचा असेल तर एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स, दोन्ही ४०० वेगाच्या. १९५४ पासून रोलमध्ये मिळत आलेली ट्राय-एक्स मला काळ्या छटांत थोडी जास्त भरीव वाटते, एचपी५ थोडी अधिक सोशिक. टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या स्फटिकांच्या फिल्मांवर एकच छोटं प्रकरण आहे. त्यांचा दाणा फार बारीक असतो हे मान्य, पण वेळेतली आणि तापमानातली चूक त्या माफ करत नाहीत, आणि शिकणाऱ्याच्या हातून दोन्ही चुका होणारच.

आता धुण्याबद्दल. फिल्मवर किती उजेड नोंदला जाईल हे मुख्यतः एक्स्पोजर ठरवतं. उजळ भाग किती दाट होतील हे डेव्हलपर आणि त्याची मिनिटं ठरवतात. निगेटिव्हमधला सावलीचा भाग थोड्याच वेळात पुरा होतो, उजळ भाग मात्र डेव्हलपर ओतून देईपर्यंत दाट होत राहतो. निफाडच्या आजोबांच्या बाबतीत माझ्या दोन चुका झाल्या होत्या. मीटरने पांढऱ्या टोपीला आणि सदऱ्याला मोजलं, त्यामुळे चेहऱ्याला उजेड कमी पडला. आणि मिनिटं पुरी दिल्यामुळे टोपी आणखी दाट झाली. करायला हवं होतं याच्या उलट. मीटर गालाजवळ नेऊन मोजायचं, टोपीकडे लक्षच द्यायचं नाही, आणि मग मिनिटं कमी करून टोपीला आवरायचं. अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्यांत, गोऱ्या माणसाचा गाल सहाव्या झोनवर बसवतात. आपल्याकडच्या एका लग्नाच्या ग्रुप फोटोत चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे गाल शेजारी शेजारी उभे असतात. सहावा झोन सगळ्यांना लावला तर सावळ्या मावशीचा चेहरा पिठाळ दिसेल आणि ती ओळखू येणार नाही. परदेशी पुस्तकं वाचू नयेत असं मी म्हणत नाही, मी त्यांतूनच शिकले. पण त्यांतला गाल बदलून घ्यायला हवा.

डेव्हलपरच्या बाजारात नावं पुष्कळ आहेत. पोर्ट्रेटपुरते तीन पुरेत. पहिला डी-७६, कोडॅकचा, १९२७ चा. इल्फर्डचा आयडी-११ म्हणजे जवळपास तोच. लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. एवढं सल्फाइट चांदीच्या क्षारांच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून दाणा मऊ येतो. तेवढंच पाणी घालून पातळ केला तर कडा जरा रेखीव होतात आणि उजळ भाग आटोक्यात राहतात. दुसरा डी-२३, १९४४ चा, आणि हा माझा सर्वांत लाडका. मेटॉल ७.५ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, बस. दोनच पुड्या. हायड्रोक्विनोन नसल्यामुळे तो उजळ भागांवर जोर करत नाही आणि टोपी, सदरा, धोतर सगळं शांत ठेवतो. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, कातडी फुटते. माझ्याही बोटांना एकदा महिनाभर त्रास झाला, तेव्हा हातमोजे घालाच. तिसरा रोडिनल. १८९१ पासून चालत आलेला हा डेव्हलपर बाटलीतून काढून पंचवीस-पन्नास पट पाणी घालून वापरतात. तो दाणा लपवत नाही, कडा धारदार करतो. मोठ्या निगेटिव्हवर, म्हाताऱ्या चेहऱ्यावर तो अप्रतिम दिसतो. छोट्या ३५ मिलिमीटर एचपी५ वर कोवळा चेहरा त्याच्या हाती देऊ नका.

२०१५ च्या सिंहस्थात या सगळ्याची कसोटी लागली. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला, वैष्णव रामकुंडावर. श्रावण-भाद्रपदातलं ढगाळ आभाळ म्हणजे पोर्ट्रेटसाठी वरून अंथरलेली चादरच. पण भस्म फासलेला सावळा चेहरा हा माझ्या माहितीतला सर्वांत अवघड चेहरा. राख पांढरी, राखेच्या भेगांतून दिसणारी कातडी काळीसावळी, आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. मी एचपी५ ला २०० वेगाची समजून भरपूर उजेड दिला आणि मिनिटं घटवली. टाकी हलवायचीही कमी केली. दर मिनिटाला एकदाच हळू उलटायची, म्हणजे राखेच्या जागचा डेव्हलपर तिथल्या तिथे थकतो आणि भेगांतला आपलं काम करत राहतो. त्या रोलमधल्या पाच फ्रेमांत राखेखालचा माणूस दिसला. बाकीच्या फ्रेमांत नुसती राख आली. त्या फसलेल्या फ्रेमाही पुस्तकात छापल्या आहेत.

पाण्याकडे बहुतेक पुस्तकं दुर्लक्ष करतात, कारण ती जिथे लिहिली जातात तिथे नळाचं पाणी थंड असतं. जवळपास सगळी कोष्टकं २० अंश सेल्सियस धरून असतात. एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. तशा पाण्यात डेव्हलपर धावत सुटतो, मिनिटं पाचाच्या खाली येतात आणि कुठे दाट कुठे पातळ असं डागाळ धुतलं जातं. उन्हाळ्यात मी पाणी आदल्या रात्रीच माठात भरून ठेवते. कोरड्या हवेत माठ छान झिरपतो, सकाळी थर्मामीटर २३-२४ अंश दाखवतो, उरलेलं काम बर्फाच्या भांड्यात बाटली उभी करून होतं. पावसाळ्यात हवा दमट, माठ झिरपत नाही, पण तेव्हा पाणीच फार तापलेलं नसतं. फक्त ते गढूळ येतं, म्हणून गाळून, उकळून, निववून घ्यायचं. बोअरच्या जड पाण्यात शेवटची खळखळ केली की वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे ठिपके उरतात, आणि ते नेमके डोळ्यांवर येतात असा माझा अनुभव आहे. शेवटचं पाणी डिस्टिल्डच घ्या. डेव्हलपर, हायपो (फिल्म पक्की करणारं रसायन) आणि मधलं पाणी यांच्या तापमानात फार फरक पडू देऊ नका.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक रोल खर्च करा. एचपी५ घ्या, मीटर २०० वर लावा. घरातल्या सर्वांत सावळ्या माणसाला पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून ओसरीत किंवा गॅलरीच्या सावलीत बसवा. गालाजवळ मीटर नेऊन येईल तो आकडा लावा आणि सगळा रोल त्याच आकड्यावर, त्याच चेहऱ्यावर संपवा. अंधारात रोलचे तीन तुकडे करा. आयडी-११ तेवढंच पाणी घालून, २० अंशावर, पहिला तुकडा छापील कोष्टकाप्रमाणे तेरा मिनिटं धुवा, दुसरा साडेदहा, तिसरा साडेआठ. वाळल्यावर तिन्ही तुकडे खिडकीपाशी वर्तमानपत्रावर ठेवा आणि निगेटिव्हमध्ये जिथे टोपी आहे त्या सर्वांत काळ्या जागेतून खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. ज्या तुकड्यातून ती जेमतेम वाचता येतील त्याची मिनिटं पानाच्या समासात लिहून ठेवा. पुढची सगळी प्रकरणं त्या आकड्यावरून वाचायची आहेत.